‘मृत्युकिरण’ ठरवलेला लेझर डोळे कसे वाचवू लागला?

औसा : मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला इजा झाली, की डॉक्टर लेझर करून घ्यायला सांगतात. हा किरण पहिल्यांदा कुणी तयार केला?

थिओडोर मेमन यांनी. जन्म १९२७, अमेरिका. वडील विद्युत अभियंता. मेमन स्वतः शाळकरी वयातच रेडिओ दुरुस्त करून पैसे मिळवत.

रुबीपासून लेझर होणार नाही, असे तेव्हा अनेक तज्ज्ञ मानत. मेमन यांनी मोजमाप पुन्हा केले आणि जुना आकडाच चुकीचा निघाला. रुबीच्या कांडीभोवती फोटोग्राफीचा सर्पिल फ्लॅश दिवा बसवून त्यांनी १६ मे १९६० रोजी पहिला लेझर चालवला.

शोधनिबंध एका नियतकालिकाने नाकारला. वृत्तपत्रांनी मृत्युकिरण म्हणून मथळे दिले. पण डिसेंबर १९६१ मध्येच न्यूयॉर्कला रुबी लेझरने रुग्णाच्या डोळ्यातील गाठ जाळण्यात आली. डोळ्याच्या पारदर्शक भागातून प्रकाश आरपार जातो आणि उष्णता मागच्या पडद्यावर निर्माण होते. त्यामुळे चिरफाड लागत नाही.

१९६४ चे नोबेल लेझरचा सैद्धांतिक पाया घालणाऱ्या तिघांना मिळाले. मेमन त्यात नव्हते. त्याच वर्षी बारामतीत जन्मलेल्या, पुण्यात अभियांत्रिकी शिकलेल्या सी. कुमार पटेल यांनी कार्बन डायऑक्साइड लेझर बनवला. तो पुढे शस्त्रक्रियेत आला.

मेमन २००७ मध्ये गेले. नोबेल हुकले, पण त्यांच्या शोधाने असंख्यांची नजर वाचली.