अँटवर्पच्या पावसात पळालेला बेळगावचा गडी

सुरतच्या नवागाम-डिंडोली भागात भरतीचे दिवस जवळ आले की पोरं पहाटेच रस्त्यावर उतरतात. धुळे, नंदुरबार, जळगावकडून येऊन इथे स्थिरावलेल्या खान्देशी घरांतलीही त्यात असतात. गुजरात पोलीस भरतीत पुरुष उमेदवाराला २५ मिनिटांत ५ किलोमीटर पळावं लागतं. धावणं मनापासून आवडतं असा त्यात एखादाच. बाकीच्यांना धाप लागते, पोटऱ्यांत गोळे येतात, उद्या नको वाटतं. तरी उद्या येतात, कारण नोकरी हवी असते. ते समजतं. पण पुढे नोकरी नाही, बक्षिसाची आशा नाही आणि मध्येच थांबलं तर कुणी अडवणारही नाही, तेव्हा माणूस का पळत राहतो? बेळगावच्या फडेप्पा दारेप्पा चौगुले यांची धाव इथे आठवते.

नावाला कानडी वळण, आडनाव गावगाड्यातल्या चौगुल्याचं, म्हणजे पाटलाच्या मदतनिसाचं. सीमेवरच्या माणसाला यात नवल नाही. त्यांच्या तरुणपणी बेळगाव मुंबई इलाख्यात होतं; म्हैसूर राज्यात गेलं ते १९५६ ला.

१९१९ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांना दोराबजी टाटा आले. लांब पल्ल्याच्या शर्यतीत शेतकरी गडी अनवाणी पळत होते. त्यांच्या वेळा ऐकून टाटा चकित झाले आणि पुढच्या वर्षीच्या ऑलिंपिकला हिंदुस्थानचा संघ पाठवायच्या मागे लागले. पदरचे पैसेही घातले. अशा रीतीने बेल्जियममधल्या अँटवर्पला जो चिमुकला संघ बोटीने गेला, त्यात कोल्हापूरकडचे मल्ल रणधीर शिंदे होते (ते कुस्तीत चौथे आले) आणि मॅरेथॉनसाठी दोघं: चौगुले आणि सदाशिव दातार.

२२ ऑगस्ट १९२०. हवा गार आणि पाऊस. ऑगस्टचा पाऊस बेळगावकराला काय नवा! पण अंतर नेहमीपेक्षा जास्त होतं. मॅरेथॉन ४२ किलोमीटर १९५ मीटरची. अँटवर्पची भरली ४२.७५ किलोमीटर. ऑलिंपिकमध्ये इतकी लांब मॅरेथॉन दुसरी झाली नाही.

या शर्यतीची खरी परीक्षा साधारण तिसाव्या किलोमीटरनंतर लागते. स्नायूंत साठलेली साखर संपत येते, पाय शिशासारखे जड होतात. तिथे धावणं कुणालाच गोड लागत नाही, रोज पळणाऱ्यालाही नाही. मात्र तोवर मागे पडलेलं अंतर पुढच्या अंतरापेक्षा कितीतरी मोठं झालेलं असतं. चार महिने निंदणी-खुरपणी केलेलं पीक काढणीला आल्यावर कंटाळा आला म्हणून कुणी सोडून देत नाही, त्यातलाच हा प्रकार. लोक त्याला जिद्द म्हणतात. थोडा हिशेबही असतोच.

चौगुले २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत पोचले. म्हणजे दर किलोमीटरला चार मिनिटांहूनही किंचित कमी. नवागामच्या पोरांच्या मापाने सांगायचं तर ५ किलोमीटर २० मिनिटांच्या आत, आणि असे साडेआठ फेरे, एकामागून एक, दम न घेता.

पहिला नंबर फिनलंडच्या हान्नेस कोलेमाइनेनचा आला, २ तास ३२ मिनिटं ३५ सेकंद. एस्टोनियाचा युरी लोसमान त्याच्यामागे जेमतेम १३ सेकंदांवर. चौगुले स्टेडियममध्ये शिरले तेव्हा पदकांचा निकाल केव्हाच लागून गेला होता. अठरा जण त्यांच्याआधी आत आले होते. त्यांना अडवायचं, गाठायचं असं काही उरलं नव्हतं, फक्त रेघ ओलांडायची बाकी होती.

दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. पुढे १९७६ ला माँट्रियलच्या ऑलिंपिकमध्ये शिवनाथ सिंह अकरावे आले. अँटवर्पच्या यादीत चौगुल्यांचं नाव एकोणिसाव्या ओळीवर आहे, वेळेसकट. दातारांच्या नावापुढे वेळ नाही.