नागरिकशास्त्राचे गुरुजी

आधीच सांगून टाकते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं! मराठी विभागासाठी काहीतरी दे म्हणून मॅडम मागे लागल्या तेव्हा मी चक्क नाही म्हटलं होतं. पण यंदाच्या एनएसएस कॅम्पमध्ये एक गोष्ट घडली आणि ती काही डोक्यातून जाईना. म्हणून हा लेख.

जानेवारीत आमचा सात दिवसांचा कॅम्प मोताळा तालुक्यातल्या एका गावात होता. सकाळी श्रमदान, दुपारी सर्व्हे, रात्री कल्चरल. एक दिवस शाळेतल्या सरांनी विचारलं, मुलांचा एखादा तास घ्याल का? सगळ्यांनी गणित आणि विज्ञान पटापट वाटून घेतलं. माझ्या वाट्याला उरलं नागरिकशास्त्र!

आता खरं सांगा, नागरिकशास्त्र कोण मनापासून वाचतं? इतिहासाच्या पुस्तकाला शेवटी चिकटवलेली ती पानं. दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून चाळीस मार्कांचा पेपर, त्यातलं राज्यशास्त्र परीक्षेच्या आदल्या रात्री उरकायचं. मीही तेच केलं होतं, आणि तेही इंग्रजीतून. त्यामुळे हक्क आणि कर्तव्ये हे शब्द फळ्यावर लिहिताना मला आधी पुस्तकात बघावे लागले. समता, स्वातंत्र्य, बंधुता... मी बोलत गेले, मुलं वहीत उतरवत गेली. प्रश्न विचारला की वर्ग चिडीचूप. शेवटी वैतागून जिजाऊंचं गाव विचारलं, तर सगळा वर्ग एका सुरात सिंदखेडराजा म्हणून ओरडला! आपल्या जिल्ह्यातल्या पोराला हे शिकवावं लागत नाही. म्हणजे मुलं हुशार होती. माझ्या तासातच जीव नव्हता.

खरी गोष्ट पुढेच आहे. दुपारी शाळेत खिचडी झाली. मुलांनी आपापली ताटं हापशावर नेऊन धुतली. आम्हा कॅम्पवाल्यांचं जेवण वेगळं होतं. जेवून आम्ही ताटं तशीच हापशाजवळ ठेवली आणि गप्पा मारत बसलो. थोड्या वेळाने बघते तर माझ्याच तासाला पहिल्या बाकावर बसलेली एक मुलगी आमची ताटं घासत होती. कुणी सांगितलं नव्हतं तिला. पाहुण्यांची ताटं म्हणून घासत होती. फळ्यावर माझ्याच अक्षरात समता लिहिलेलं अजून पुसलंही नव्हतं. मला उठून जायला हवं होतं. पण सगळे बसलेत, मी एकटीच कशी उठू, या विचारात मी बसूनच राहिले.

होस्टेलला परत आल्यावर हे मी रूममेटला सांगितलं. ती अमळनेरची. मलकापूरहून भुसावळ आणि तिथून सुरत लाइनने अमळनेर, दर सुट्टीत तिचा हाच प्रवास. ती म्हणाली की त्यांच्या गावात एक होस्टेलचे मास्तर होते, ते पोरांची उष्टी ताटं स्वतः घासायचे. मी विचारलं कोण, तर म्हणे साने गुरुजी!

मला साने गुरुजी म्हणजे फक्त श्यामची आई एवढंच माहीत होतं. आणि आमच्याकडे कुणी लवकर रडलं की त्याला साने गुरुजी म्हणून चिडवतात, तेवढं. पण रूममेटने सुट्टीवरून येताना त्यांचं चरित्र आणलं आणि मी सबमिशन बाजूला ठेवून ते वाचून काढलं.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातल्या पालगड इथे झाला. घराणं एकेकाळचं खोतांचं, पण यांच्या लहानपणी घरात नुसती ओढाताण. दापोलीच्या मिशन शाळेत शिकले, मग शिक्षणासाठी औंध, तिथून पुणे. १९१७ मध्ये आई गेली. हातात पैसा नाही, कधी पोटभर जेवण नाही, अशा अवस्थेत ते १९१८ ला मॅट्रिक झाले आणि पुढे बी.ए. झाले. तत्त्वज्ञानाचा अभ्यास करायला अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले आणि १९२४ मध्ये तिथल्याच हायस्कूलमध्ये शिक्षक म्हणून लागले. तीच आजची प्रताप हायस्कूल.

शिक्षक म्हणून ते चांगलेच होते, पण मला भावले ते होस्टेलचे साने सर. शाळेच्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. आपल्याकडे रेक्टर म्हटलं की काय आठवतं? हजेरी, दंड आणि घरी फोन! साने सरांनी यातलं काहीच केलं नाही. मुलं शाळेत गेली की ते खोल्या झाडायचे. अस्ताव्यस्त पडलेले कपडे घडी करून ठेवायचे. ताटं, भांडी घासायची राहिली असतील तर घासून टाकायचे. कुणी आजारी पडला तर रात्र रात्र उशाशी बसायचे. भाषण नाही, बोर्डावर नोटीस नाही. मुलांना आधी नवल वाटलं, मग लाज वाटली आणि मग ती स्वतःच झाडू हातात घेऊ लागली.

मेकॅनिकलची असल्यामुळे मी प्रत्येक गोष्टीत मेकॅनिझम शोधते. इथला मेकॅनिझम साधा आहे. नियम लावला की माणूस पळवाट शोधतो. पण आपलं काम दुसरा मुकाट्याने करताना दिसला की पळवाटच उरत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांचं छात्रालय दैनिक. ते स्वतःच्या हाताने रोज लिहून काढायचे आणि मुलांना वाचायला ठेवायचे. त्यात देशात काय चाललंय, थोरामोठ्यांच्या गोष्टी, छात्रालयातल्या घडामोडी, सगळं असे. विचार करा, टीव्ही नाही, मोबाइल नाही, खानदेशातल्या एका छोट्या गावातली मुलं, आणि त्यांना रोज सकाळी देशाची खबर मिळतेय. पुढे १९२८ मध्ये त्यांनी विद्यार्थी नावाचं मासिकही काढलं. नागरिकशास्त्राचं पुस्तक न उघडता ते नागरिक तयार करत होते.

१९३० मध्ये सविनय कायदेभंगाची चळवळ सुरू झाली. मुलांना देशासाठी त्याग करा म्हणून सांगायचं आणि आपण पगार घेत राहायचं हे त्यांना जमेना. त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि चळवळीत उडी घेतली. वर्गातली त्यांची नोकरी जेमतेम सहा वर्षांची. पण लोकांच्या तोंडी गुरुजी हे नाव मात्र कायमचं राहिलं.

मग तुरुंग. पण हा माणूस तुरुंगातही वर्गच भरवत होता किंवा स्वतः विद्यार्थी होत होता. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात त्यांना दक्षिणेतले सत्याग्रही भेटले. आपण एका देशाचे म्हणवतो आणि एकमेकांची भाषासुद्धा आपल्याला येत नाही, हे त्यांना फार लागलं. त्यांनी तिरुक्कुरळ हा तमिळ ग्रंथ मराठीत आणला. प्रत्येक प्रांताने दुसऱ्याची भाषा शिकावी, ही त्यांची आंतरभारतीची कल्पना यातूनच वाढली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे, तेव्हा ते भराभर उतरवून घेणारे साने गुरुजीच होते. गीता प्रवचने हे पुस्तक त्यामुळे आपल्यापर्यंत आलं. आणि फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी श्यामची आई लिहिली, त्यातला बराचसा भाग अवघ्या पाच दिवसांत! आपल्याला पाच दिवसांत एक सेमिनार रिपोर्ट होत नाही.

१९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदाच खेड्यात भरलं, ते फैजपूरला, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या शेजारी. त्यासाठी गुरुजी खानदेशातली गावं पायाखाली घालत होते. नंतर शेतकऱ्यांसाठी, अमळनेरच्या गिरणी कामगारांसाठी लढले. १९४२ ला भूमिगत राहिले.

पण माझ्या फळ्यावरच्या त्या समता शब्दाचा खरा धडा आहे १९४७ सालचा. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात तेव्हा अस्पृश्य मानलेल्या लोकांना प्रवेश नव्हता. सगळ्यांची माउली, आणि लेकरांमध्ये भेदभाव! गुरुजींनी काही महिने महाराष्ट्रभर फिरून लोकांना समजावलं, तरी दार उघडेना. तेव्हा १ मे १९४७ ला ते पंढरपुरात उपोषणाला बसले. विरोध झाला. खुद्द गांधीजींचाही गैरसमज झाला आणि उपोषण सोडा अशी तार आली. ज्यांना आयुष्यभर दैवत मानलं त्यांचाच शब्द मोडायचा? गुरुजींनी नम्रपणे, पण ठामपणे आपलं उपोषण चालू ठेवलं. शेवटी १० मे रोजी मंदिर सर्वांना खुलं करण्याचं मान्य झालं आणि उपोषण सुटलं. तेव्हा देश स्वतंत्र व्हायला तीन महिने होते, राज्यघटना लागू व्हायला अजून पावणेतीन वर्षं होती. म्हणजे समतेचं कलम छापून येण्याआधी हा माणूस ते जगला होता.

गांधीजींच्या हत्येनंतर त्यांनी एकवीस दिवस उपोषण केलं. १५ ऑगस्ट १९४८ ला साधना साप्ताहिक सुरू केलं, ते आजही निघतं. पण मनातून ते खचत चालले होते. आणि ११ जून १९५० रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, त्यांनी स्वतःच आपलं आयुष्य संपवलं.

हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ तशीच बसले. हे लिहू की नको असंही वाटलं, पण होस्टेलच्या मासिकात हे लपवू नये. जो माणूस दुसऱ्यांच्या आजारपणात रात्रभर उशाशी बसायचा, त्याच्या मनातला अंधार कुणाला घालवता आला नाही. त्यांचं जगणं घ्यावं, त्यांचा शेवट नाही. आपल्या मजल्यावरही कुणीतरी जेवायला येईनासं होतं, बॅक राहिला म्हणून दार लावून बसतं, आणि आपण इअरफोन लावून पुढे जातो. दार वाजवणं हेही नागरिकशास्त्रच आहे ना? आणि आत आपणच असलो तर हाक मारावी, शेजारच्या खोलीला, रेक्टर मॅडमना किंवा १४४१६ या सरकारी हेल्पलाइनला. त्यात कमीपणा नाही.

आता थोडं आमचं सांगते. मी काही साने गुरुजी झाले नाही. पहिल्या दिवशी मेसमध्ये स्वतःचं ताट धुवायला उचललं तर मावशीच रागावल्या, आणि मागच्या टेबलावरून टाळ्याही पडल्या. दुसऱ्या दिवशी रूममेट आली. सध्या आम्ही चौघी आहोत. जिन्याजवळच्या बोर्डावर आम्ही एक हस्तलिखित पानही लावायला लागलोय. रोज जमत नाही, आठवड्यातून दोनदा निघतं, आणि माझं शुद्धलेखन कुणीतरी लाल पेनने तपासून जातं. ज्या कुणी असाल, धन्यवाद!

पुढच्या जानेवारीत कॅम्प त्याच गावात व्हावा म्हणून मी अर्ज दिलाय. पहिल्या बाकावरची ती मुलगी तोवर वरच्या वर्गात गेलेली असेल. मला पुन्हा नागरिकशास्त्राचाच तास हवाय. पण तो मी वर्गात सुरू करणार नाही. हापशावर करीन.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी