वास्को द गामाच्या आधी एक रशियन माणूस घोडा घेऊन जुन्नरला आला होता

रेवदंड्याला आपण फिरायला जातो. किल्ला बघतो, समुद्रावर बसतो, मासे खातो आणि परत येतो. पण याच गावात एका रशियन माणसाचं स्मारक आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

त्या माणसाचं नाव अफानासी निकितीन.

वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ साली. त्याच्या अडीच-तीन दशकं आधी हा निकितीन रेवदंड्याला लागून असलेल्या चौल बंदरात उतरला होता. त्याच्यामागे कुठला राजा नव्हता, आरमार नव्हतं. खिशात फार पैसे नव्हते आणि डोक्यावर कर्ज होतं. होता फक्त एक घोडा.

हा माणूस पुढे सुमारे तीन वर्षं दख्खनमध्ये राहिला. इथल्या लोकांत बसला, त्यांच्याबरोबर यात्रेला गेला आणि जे दिसलं ते लिहून ठेवलं. त्याचीच ही गोष्ट.

निकितीन मूळचा त्वेरचा. हे शहर मॉस्कोच्या वायव्येला, व्होल्गा नदीच्या काठावर आहे. तो व्यापारी होता. भारतात जायचं म्हणून तो घरातून निघालाच नव्हता. व्होल्गातून खाली कॅस्पियन समुद्रापर्यंत जायचं, आजच्या अझरबैजानच्या भागात तेव्हा असलेल्या शिरवान राज्यात माल विकायचा आणि परत यायचं, एवढाच बेत होता. हा सगळा प्रवास काही अभ्यासक १४६६ ते १४७२ असा धरतात, तर काही १४६८ ते १४७५ असा.

एकट्यानं जाण्यापेक्षा सोबत बरी, म्हणून तो शिरवानला परतणाऱ्या एका वकिलाच्या ताफ्याबरोबर निघाला. या वकिलाकडे रशियाच्या राजाकडून मिळालेले ९० शिकारी ससाणे होते.

पण झालं उलटंच. आस्त्राखानजवळ तातारांनी त्यांच्या बोटी लुटल्या. निकितीनचा सगळा माल गेला, जवळची धर्माची पुस्तकंही गेली. उरलेले लोक दोन जहाजांतून पुढे निघाले, तर कॅस्पियनमध्ये वादळ आलं. एक जहाज किनाऱ्यावर आदळून फुटलं आणि त्यातल्या लोकांना तिथल्या टोळीनं पकडून नेलं.

कसेबसे देरबेंदला पोहोचल्यावर या रशियन लोकांनी शिरवानच्या राजाकडे विनंती केली. आमचे लोक सोडवा आणि आम्हाला घरी जायला काहीतरी मदत करा. राजानं लोक सोडवून आणले, पण पैसे द्यायला नकार दिला. एवढ्या सगळ्यांना कुठून देऊ, असा त्याचा सूर होता.

मग सगळे रडले आणि आपापल्या वाटेला लागले. ज्यांचं रशियात काही शिल्लक होतं ते परत गेले. जे कर्जात होते, त्यांना परत जायची सोय नव्हती. माल उधारीवर घेतलेला असेल आणि रिकाम्या हातानं गावात गेलात, तर काय होणार हे वेगळं सांगायला नको.

निकितीन दुसऱ्या गटातला. तो बाकूला गेला, तिथून समुद्र ओलांडून इराणमध्ये उतरला. सारी, अमूल, रे, काशान, यझ्द, लार अशा गावांतून मुक्काम करत दक्षिणेकडे सरकत राहिला. कुठे एक महिना, कुठे आणखी जास्त. शेवटी तो होर्मुझच्या बंदरात पोहोचला.

इथं त्याला एक गोष्ट कळली. हिंदुस्थानात घोडे नीट पैदा होत नाहीत. सुलतानांना फौजेसाठी घोडे लागतात आणि ते अरबस्तान, इराणमधून जहाजानं येतात. म्हणजे एक चांगला घोडा तिथं नेऊन विकला, की कर्ज फिटेल.

त्यानं घोडा घेतला. या घोड्यापायी त्याचे १०० रुबल खर्च झाले. एका घोड्यावर सगळं लावून तो जहाजात चढला आणि मस्कत, दीव, खंबायत करत चौलला उतरला.

चौलमध्ये उतरल्यावर त्याला सगळ्यात नवल वाटलं ते लोकांच्या कपड्यांचं. उघडी डोकी, उघडी अंगं, केसांची एक वेणी. पण लोकांना त्याच्याहून जास्त नवल याचं वाटत होतं. तो जाईल तिकडे मागे घोळका. एवढा गोरा माणूस त्यांनी पाहिलाच नव्हता.

चौलहून तो पालीमार्गे सह्याद्री चढून वर आला. तीन आठवड्यांहून जास्त चालल्यावर जुन्नर लागलं. तोवर पावसाळा सुरू झाला होता.

रशियन माणसाला मुक्काम ठोकायला लावणारा ऋतू म्हणजे हिवाळा. त्यामुळे जुन्नरच्या पावसाळ्याला त्यानं हिवाळाच म्हणून टाकलं. चार महिने रात्रंदिवस सगळीकडे पाणी आणि चिखल, अशी त्याची नोंद आहे. मावळातला पाऊस ज्यानं पाहिला आहे, त्याला हे लगेच पटेल. याच दिवसांत लोक नांगरतात आणि पेरतात, हेही त्यानं टिपलं.

परदेशी पाहुणे इथं धर्मशाळेत उतरतात, तिथल्या बायका त्यांचं जेवण रांधतात आणि अंथरूण घालतात, असं तो सांगतो. घोड्यांचं खाणं तर त्यानं फारच लक्ष देऊन पाहिलं. त्यांना कडधान्य देतात आणि तेल-साखर घालून शिजवलेली खिचडी खायला घालतात. खिचडी हा शब्द त्यानं रशियन अक्षरांत तसाच्या तसा लिहून ठेवला.

आणि मग जुन्नरमध्येच त्याच्यावर सगळ्यात मोठं संकट आलं.

तेव्हा हा मुलुख बहमनी सुलतानांचा होता. जुन्नरला असदखान नावाचा सरदार कारभार पाहत होता. निकितीन इराणमधून आलेला, मुसलमान व्यापाऱ्यांत वावरणारा. खोजा युसुफ खुरासानी हे नाव त्यानं घेतलं होतं. पण हा मुसलमान नाही, रशियन आहे, हे असदखानाला कळलं. खानानं सरळ घोडा काढून घेतला.

वर अट घातली. मुसलमान झालास तर घोडा परत देतो आणि हजार मोहरा वर देतो. नाही झालास तर घोडाही जाईल आणि हजार मोहरा तुझ्याकडूनच वसूल करीन. मुदत चार दिवसांची.

विचार करा. घरापासून हजारो मैल लांब, भाषा परकी, बाहेर धो धो पाऊस. एका बाजूला धर्म, दुसऱ्या बाजूला ज्याच्या जिवावर घरी परत जायचं तो एकुलता एक घोडा.

सुटका कुणी केली? खुरासानच्या एका मुसलमान माणसानं. खोजा मुहम्मद त्याचं नाव. मुदत संपायच्या आदल्या दिवशी तो जुन्नरात आला. निकितीननं त्याच्यापुढे हात जोडले. खोजा मुहम्मद असदखानाकडे गेला, निकितीनवर धर्माची सक्ती होऊ दिली नाही आणि घोडाही परत मिळवून दिला. ज्यांच्या भीतीनं निकितीन गारठला होता, त्यांच्यातलाच एक माणूस त्याला वाचवून गेला.

या प्रसंगानं तो कडवट झाला. हिंदुस्थानात यायचं असेल तर आपला धर्म रशियातच ठेवून या, असं त्यानं आपल्या देशबांधवांना बजावलं. व्यापाराबद्दलही त्याचा भ्रमनिरास झाला. मिरी आणि रंग स्वस्त होते, पण रशियात नेऊन विकता येईल असा माल त्याला दिसेना. जकात भारी आणि समुद्रावर चाच्यांची भीती.

जुन्नरहून तो बिदरला गेला. ही बहमनी राजधानी. तिथला थाट पाहून तो चकित झाला. सुलतानाच्या वाड्याला सात दरवाजे, प्रत्येक दारावर पहारेकरी आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद करणारे कारकून. सणाच्या मिरवणुकीत सजवलेले हत्ती, सोन्याचा साज घातलेले घोडे. पण त्याच्या नजरेतून दुसरी बाजूही सुटली नाही. सरदार चांदीच्या पालख्यांतून फिरतात आणि खेड्यातली माणसं अगदी गरीब आहेत, हे त्यानं स्वच्छ लिहिलं.

बिदरमध्ये त्याचा घोडा एकदाचा विकला गेला. तोवर त्याला पोसण्यातच बराच पैसा गेला होता.

आणि इथंच त्याच्या प्रवासाला वेगळं वळण लागलं. बिदरमधल्या हिंदू लोकांशी त्याची ओळख वाढली. एक दिवस त्यानं त्यांना खरं काय ते सांगून टाकलं. मी मुसलमान नाही, ख्रिस्ती आहे, माझं खरं नाव अफानासी.

जुन्नरला हेच सत्य उघड झालं तेव्हा त्याचा घोडा गेला होता. बिदरमध्ये याच सत्यानं त्याला माणसं मिळवून दिली. त्यानंतर या लोकांनी त्याच्यापासून काहीही लपवलं नाही. काय खातात, व्यापार कसा करतात, पूजा कशी करतात, सगळं त्याला बघू दिलं. घरातल्या बायकाही त्याच्यासमोर पडद्याआड जाईनात.

म्हणूनच त्याच्या वहीत दरबारापेक्षा घरगुती गोष्टी जास्त जिवंत वाटतात. लोक उजव्या हातानं जेवतात, सुरी-चमचा वापरत नाहीत. गोमांस खात नाहीत. दिवसातून दोनदा जेवतात. प्रवासाला निघाले की प्रत्येकाचं स्वतःचं भांडं असतं आणि त्यात तो आपापलं शिजवतो. इथं ८४ पंथ आहेत आणि एक पंथ दुसऱ्याबरोबर जेवत नाही, सोयरीक करत नाही, असं त्यानं लिहिलं. आपल्या जातिव्यवस्थेची कल्पना नसलेल्या माणसाला ती अशी दिसली.

हेच लोक त्याला आपल्याबरोबर यात्रेला घेऊन गेले. बिदरहून महिनाभराची वाट. त्यानं या ठिकाणाला पर्वत म्हटलं आहे. हे ठिकाण म्हणजे आजच्या आंध्रातलं श्रीशैलम, मल्लिकार्जुनाचं ज्योतिर्लिंग. दिवस होते महाशिवरात्रीचे. पाच दिवसांची जत्रा आणि माणसांचा महापूर. आपल्या वाचकांना कळावं म्हणून त्यानं लिहिलं की मुसलमानांना जशी मक्का, ख्रिस्ती लोकांना जसं जेरुसलेम, तसं हिंदूंना हे पर्वत.

पण हे सगळं बघताना तो आतून पोखरला जात होता. पुस्तकं लुटली गेल्यामुळे त्याच्याकडे सणांचा हिशोब उरला नव्हता. ईस्टर कधी, उपवास कधी, काहीच कळेना. तो अंदाजानं सण पाळायचा. मुसलमान रोजे धरायचे तेव्हा तोही उपास करायचा. त्याच्या लिखाणात मधूनच तुर्की, फारसी, अरबी शब्दांतल्या प्रार्थना येतात, त्याही रशियन लिपीत. त्यानं धर्म बदलला होता का, यावर अभ्यासकांत आजही वाद आहे.

एके ठिकाणी त्यानं अनेक देशांची तुलना केली आणि शेवटी रशियासारखा देश नाही असं म्हटलं. मात्र तिथले सरदार न्यायानं वागत नाहीत, हेही जोडलं. हा मजकूर त्यानं रशियनमध्ये न लिहिता तुर्कीमिश्रित भाषेत लिहिला आहे.

शेवटी घरची ओढ जिंकली. त्यानं कोकणातलं दाभोळ बंदर गाठलं आणि होर्मुझला जाणारं जहाज पकडलं. वाऱ्यानं जहाज भरकटून आफ्रिकेच्या किनाऱ्याला गेलं. तिथल्या लोकांना तांदूळ, मिरी, भाकरी देऊन सगळ्यांनी जीव वाचवला. पुढे मस्कत, होर्मुझ, इराण करत तो काळ्या समुद्रावरच्या त्रेबिझोंदला पोहोचला. तिथं हेर समजून त्याची झडती झाली आणि असलेलं किडूकमिडूकही गेलं. कॅस्पियन, हिंदी महासागर आणि काळा समुद्र असे तीन समुद्र ओलांडून तो क्रिमियातल्या काफाला आला.

आता घर जवळ होतं. पण स्मोलेन्स्कला पोहोचण्याआधीच वाटेत त्याचा मृत्यू झाला. त्वेर त्याला पुन्हा दिसलं नाही.

त्याच्या हातानं लिहिलेल्या वह्या मात्र पुढे गेल्या. व्यापाऱ्यांनी त्या मॉस्कोला नेऊन वासिली मामिरेव या सरकारी अधिकाऱ्याकडे दिल्या आणि त्यांची नक्कल इतिहासाच्या बखरीत शिरली. नंतर हा मजकूर विस्मरणात गेला. १९ व्या शतकाच्या सुरुवातीला करामझिन या रशियन इतिहासकाराला तो एका मठाच्या ग्रंथालयात सापडला. तीन समुद्रांपलीकडचा प्रवास या नावानं तो आज ओळखला जातो.

१९५५ साली त्वेरमध्ये व्होल्गाच्या काठावर त्याचा पुतळा उभा राहिला. १९५७ साली त्याच्यावर भारत आणि सोव्हिएत रशियानं मिळून ‘परदेसी’ नावाचा सिनेमा काढला. ख्वाजा अहमद अब्बास आणि वासिली प्रोनिन हे दिग्दर्शक होते, तर नर्गिस आणि बलराज साहनी यांनी त्यात काम केलं होतं.

व्यापारी म्हणून निकितीन पार अपयशी ठरला. तो कर्ज फेडायला निघाला होता आणि रिकाम्या हातानं परतला. पण १५ व्या शतकातल्या जुन्नरच्या धर्मशाळेत पाहुण्याचं जेवण कोण रांधायचं आणि दख्खनमधला साधा माणूस प्रवासात काय बरोबर न्यायचा, हे आज आपल्याला त्याच्यामुळे कळतं.

पुढच्या वेळी रेवदंड्याला गेलात, तर त्याच्या स्मारकापाशी दोन मिनिटं नक्की थांबा.