विश्लेषण : ‘येन्को कॅमारो’ खरी की नक्कल, हे ओळखणे इतके अवघड का?

पाव मैलाच्या ड्रॅग शर्यतींमध्ये नावाजलेल्या ‘येन्को कॅमारो’ १९६९ मध्ये साधारण २०० च बनल्या. नकला मात्र भरपूर. याचे मूळ डॉन येन्को यांच्याच युक्तीत आहे.

१९२७ मध्ये जन्मलेले येन्को अमेरिकेतील कॅनन्सबर्गचे. घरची शेव्हरोलेची डीलरशिप, स्वतः कॉर्व्हेट पळवणारे शर्यतपटू. मध्यम व लहान गाड्यांत ४०० घनइंचांपेक्षा मोठे इंजिन बसवायला जनरल मोटर्सची मनाई होती. त्यामुळे सुरुवातीला ते नव्याकोऱ्या कॅमारोचे इंजिन उतरवून ४२७ घनइंचांचे, म्हणजे सात लिटरचे, आपल्याच वर्कशॉपमध्ये चढवत. भलतेच वेळखाऊ काम! मग ‘कोपो’ची पळवाट सापडली. टॅक्सी, पोलीस अशा घाऊक ग्राहकांच्या खास मागण्यांसाठीची ही ऑर्डर पद्धत. १९६९ मध्ये ९५६१ क्रमांकाच्या ऑर्डरवर कारखान्यानेच ४२५ अश्वशक्तीचे ते इंजिन बसवून दिले.

पण चासी क्रमांकावरून इंजिन आठ सिलिंडरचे एवढेच कळते, ‘कोपो’ नव्हे. म्हणून इंजिन ब्लॉकवरचा शिक्का, जुनी बिले, डीलरच्या नोंदी जुळवाव्या लागतात. शर्यतीत इंजिन फुटून बदललेले असेल, तर भिस्त फक्त कागदांवर. १९८७ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात विमान कोसळून येन्को गेले. गाडी दाखवून ज्यांना विचारता आले असते, तेही उरले नाहीत.