धोतरातला कर्मवीर

कर्मवीर दादासाहेब गायकवाड १९०२ साली दिंडोरी तालुक्यातील आंबे गावी जन्मले. १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहात बाबासाहेबांच्या विश्वासाने त्यांनी नाशिकची आघाडी सांभाळली. १९५७ साली स्थापन झालेला रिपब्लिकन पक्ष लवकरच फुटला. शिकलेल्या मंडळींनी त्यांच्या धोतराला, कमी शिक्षणाला हिणवले. दादासाहेबांनी मानापमान बाजूला ठेवून उत्तर कामाने दिले. १९५९ आणि १९६४-६५ च्या सत्याग्रहांत त्यांनी पडीक जमीन मागितली, ती सर्व जातींच्या भूमिहीनांसाठी. दुसऱ्या लढ्यात लाखो माणसे तुरुंगात गेली. २९ डिसेंबर १९७१ रोजी ते गेले. बांधवांनो, आम्ही काळे कोटवाले त्यांच्या पुतळ्याला हार घालतो. त्याआधी गटांच्या पाट्या उतरवू आणि गायरानधारकांच्या खटल्यांत उभे राहू. हेच खरे अभिवादन! जयभीम.