जकातीच्या आधीचा सवाल : शाहीर अमर शेख

रमजानच्या या दिवसांत घराघरांत जकातीचा हिशेब चालतो. वर्षभर गाठीशी राहिलेल्या संपत्तीतला शेकडा अडीच हिस्सा गरिबांचा हक्क म्हणून काढायचा असतो. हा हिशेब मांडताना बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल आठवतात. महाराष्ट्र त्यांना शाहीर अमर शेख म्हणून ओळखतो.

२० ऑक्टोबर १९१६ रोजी बार्शीत एका गरीब घरात त्यांचा जन्म झाला. लोकगीतांचा वारसा आई मुनेरबी यांच्याकडून मिळाला. पोटासाठी कधी बसवर क्लीनर, तर कधी गिरणीत कामगार झाले. संपात उतरले, तुरुंगात गेले आणि कम्युनिस्ट विचारांकडे वळले. पुढे कोल्हापुरात मास्टर विनायक यांच्या स्टुडिओत असताना त्यांना ‘अमर शेख’ हे नाव मिळाले.

१९४४ साली मुंबईत अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. मागावरचा कामगार आपल्या पगाराइतके काम काही तासांतच उरकतो. उरलेल्या तासांची कमाई मालकाच्या तिजोरीत जाते. मार्क्सने जाड ग्रंथात मांडलेला हा वरकड मूल्याचा विचार. परळ-लालबागच्या गिरणगावात तो पोथीतून नव्हे, डफ-तुणतुण्याच्या साथीने पोहोचला. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही याच पहाडी आवाजाने मैदाने भारून टाकली. २९ ऑगस्ट १९६९ रोजी अपघाताने तो आवाज थांबवला.

अमर शेख धर्माचे प्रवचन करणारे नव्हते. रमजानच्या पानावर त्यांना तसे रंगवणे बरे नाही. पण मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही पैगंबरांची शिकवण आहे. शाहिरांची मागणी तिच्यापासून फार दूर नव्हती. संपत्ती साचली की त्यात गरिबाचा वाटा किती, हे जकात विचारते. ती कोणाच्या घामातून साचली, हा त्याच्या आधीचा सवाल शाहिरांचा.

आज गिरण्यांच्या जागी टॉवर उभे आहेत, पण सवाल जुना झालेला नाही. जकातीचा हिशेब करताना घरच्या मोलकरणीचा, दुकानातल्या पोऱ्याचा पगार पुरेसा आणि वेळेवर दिला का, तेही एकदा पाहावे. कोणाची मजुरी अडवून केलेल्या दानाला बरकत कुठून येणार?