हसरत मोहानी: लीगी की कम्युनिस्ट?

मौलाना हसरत मोहानी यांचं नाव निघालं की आपल्या घरांत वाद ठरलेला. वडीलधारे त्यांना मुस्लिम लीगचे म्हणतात, कॉलेजातली पोरं कम्युनिस्ट. गुलाम अलींची गझल ऐकणाऱ्यांना ते फक्त शायर वाटतात. बोरी अरबला शिकवताना आम्हालाही विद्यार्थी विचारतात, सर, ते नक्की कोण?

सय्यद फजलुल हसन हे त्यांचं मूळ नाव, उन्नाव जिल्ह्यातलं मोहान हे गाव. १९०३ साली अलीगढहून बी.ए. झाल्यावर त्यांनी ‘उर्दू-ए-मुअल्ला’ हे मासिक काढलं. १९०७ ला सुरतेत काँग्रेस फुटली, तेव्हा ते लोकमान्य टिळकांच्या बाजूने उभे राहिले. पुढच्याच वर्षी मासिकातल्या एका लेखावर राजद्रोहाचा खटला झाला. लेख दुसऱ्याचा होता, पण मौलानांनी जबाबदारी स्वतःवर घेतली आणि तुरुंगात चक्की पिसली. १९२१ ला अहमदाबादच्या काँग्रेस अधिवेशनात त्यांनी पूर्ण स्वातंत्र्याची मागणी मांडली. गांधीजींनी विरोध केला. तेच ध्येय काँग्रेसने १९२९ ला लाहोरला स्वीकारलं.

आता पैशापाण्याचा विचार. डिसेंबर १९२५ मध्ये कानपूरला कम्युनिस्ट परिषद भरली, तिचे स्वागताध्यक्ष मौलानाच होते. अंगावरचे कपडे, घरातली भांडी माणसाची स्वतःची; जमीन आणि कारखाने मात्र सगळ्यांचे, असा फरक त्यांनी तिथे मांडला. इस्लामही भांडवलशाहीच्या विरोधात आहे, असं त्यांचं मत होतं. नमाज-रोजा सुटला नाही, अनेकदा हज केला, आणि जन्माष्टमीला मथुरेलाही जात.

पुढे ते लीगमार्फत संविधान सभेत गेले. फाळणीनंतर पाकिस्तानात न जाता इथेच राहिले. ऑक्टोबर १९४९ मध्ये भारत हा समाजवादी प्रजासत्ताकांचा संघ व्हावा, अशी दुरुस्ती त्यांनी सुचवली. ती फेटाळली गेली. १३ मे १९५१ रोजी लखनौला त्यांचं निधन झालं.

मग शिक्का कोणता मारायचा? आम्हाला वाटतं, पक्षाच्या नावावरून ठरवलं की माणूस हातचा सुटतो. पक्ष त्यांनी बदलले, मागण्या नाही. राजकारणात पूर्ण स्वातंत्र्यवादी, अर्थकारणात समाजवादी आणि अकीद्याने पक्के मुसलमान, हे तिन्ही एकदम खरं आहे. आज आपल्या मुलांनाही कुणी एका शब्दात मोजतं. त्यांना हसरत नीट सांगितले, तर एकाच माणसात इतकं सगळं मावतं हे त्यांना कळेल.